मृणालताई गोरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोरेगाव-मालाडच्या पट्ट्यात वाढले. गेली बरीच वर्षे कॉलेजांत, महिला मंडळांत, ग्रंथालयांच्या कार्यक्रमांत मृणालताईंविषयी बोलायला मला बोलावतात. भाषण संपले की हात वर होतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. घाईघाईत दिलेल्या उत्तरांनी माझेच समाधान होत नाही, म्हणून एकदा बसून नीट लिहून काढली.

मृणालताई गोरे कोण होत्या? थोडक्यात सांगाल का?

जन्म २४ जून १९२८, निधन १७ जुलै २०१२. माहेरचे आडनाव मोहिले. १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत नगरसेविका, १९७२ मध्ये आमदार, १९७७ मध्ये उत्तर मुंबईच्या खासदार, १९८५ मध्ये पुन्हा आमदार आणि त्याच काळात महाराष्ट्र विधानसभेत विरोधी पक्षनेत्या. मंत्री कधीच झाल्या नाहीत. मुंबईच्या उपनगरांतले लोक मात्र त्यांना यांपैकी कोणत्याच पदाने ओळखत नसत. ओळखत असत ते ‘पाणीवाली बाई’ म्हणून.

त्या डॉक्टर होणार होत्या, हे खरे का?

खरे. वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच त्या राष्ट्र सेवा दल या समाजवादी विचारांच्या युवक संघटनेच्या कामात ओढल्या गेल्या आणि शिक्षण अर्धवट सोडले. त्या काळी मुलीला मेडिकलला प्रवेश मिळणे हीच केवढी गोष्ट होती! घरच्यांना काय वाटले असेल याची कल्पना करता येते. पण सेवा दलाच्या शाखेत जाणाऱ्या त्या पिढीला स्वातंत्र्य तोंडावर दिसत होते, आणि त्यानंतरचा देश आपणच घडवायचा आहे असे ती पिढी मनापासून धरून चालली होती. डॉक्टरकी सुटली तरी आरोग्याचा धागा सुटला नाही. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीलाच गोरेगावात त्यांनी कुटुंब नियोजनाचे काम सुरू केले. हा विषय बायका तेव्हा एकमेकींशीसुद्धा कुजबुजत बोलत.

गोरेगावच का?

कारण केशव गोरे तिथले. सगळे त्यांना बंडू गोरे म्हणत. समाजवादी कार्यकर्ते. १९४८ मध्ये दोघांचे लग्न झाले, तेही आंतरजातीय. गोरेगाव तेव्हा मुंबईत नव्हतेच, तिथे ग्रामपंचायत होती. महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली ती १९५७ मध्ये. म्हणजे कालपर्यंतचे खेडे एका रात्रीत महानगर झाले, पण नळ, गटारे, रस्ते काही एका रात्रीत आले नाहीत. गिरण्या-कारखान्यांत काम मिळेल म्हणून आलेली माणसे मात्र येतच राहिली. ताईंचे पुढचे सगळे राजकारण कागदावरचे शहर आणि जमिनीवरचे शहर यांच्यातल्या या फटीत उभे राहिले.

पती गेल्यावर सहानुभूतीच्या लाटेवर त्या निवडून आल्या, असे कुणी तरी सांगितले. तसे आहे का?

हा प्रश्न ऐकला की मला वाईट वाटते. बंडू गोरे १९५८ मध्ये गेले. पदरात लहान मुलगी. महापालिकेची निवडणूक ताईंनी जिंकली १९६१ मध्ये, आणि त्याआधीची दहा-बारा वर्षे त्या याच गल्ल्यांमध्ये पायी फिरत होत्या. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही होत्या. मते मागायला गेल्या तेव्हा लोकांना त्यांची ओळख करून द्यावी लागली नाही. बंडूंच्या नावाने गोरेगावात केशव गोरे स्मारक ट्रस्ट उभा राहिला, तो आजही चालू आहे.

‘पाणीवाली बाई’ हे नाव कसे पडले?

साठच्या दशकात त्यांनी उपनगरांतल्या झोपडपट्ट्यांना पाणी मिळावे म्हणून जो धोशा लावला, त्यातून. पण एवढ्या उत्तराने आजच्या मुलांना काही कळत नाही, कारण त्यांनी पाण्याची रांग पाहिलेली नाही. म्हणून थोडे सविस्तर सांगते.

आमच्या वस्तीत एक सार्वजनिक नळ होता. पाणी यायचे पहाटे, कधी तीनला, कधी पाचला, कधी नाहीच. आई रात्री दीडला उठून हंड्याचा नंबर लावून यायची. रांगेत बाया नसत, हंडे असत. पितळी, जर्मनचे, तेलाचे डबे. ज्यांच्याकडे जास्तीचा हंडा नाही, त्या वीट ठेवत. आमच्या हंड्याला गळ्याशी एक पोचा होता, त्यामुळे अंधारातही तो हाताला कळायचा. पाणी येण्याआधी नळ फुसफुसायचा, आतली हवा बाहेर पडायची. त्या आवाजाने झोपलेली रांग खडबडून जागी व्हायची. आधी तांबूस गढूळ धार, ती सोडून द्यायची की नाही यावर भांडण, मग स्वच्छ पाणी. चाळीस मिनिटांत सगळे संपले. मागच्या दहा-बारा जणी रिकामे हंडे घेऊन परत. त्यांची मुले त्या दिवशी आंघोळीविना शाळेत, किंवा शाळेतच नाही.

आता गंमत म्हणा की शोकांतिका, मुंबईच्या हद्दीतले विहार आणि तुळशी हे तलाव या उपनगरांच्या अगदी उशाला आहेत. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. तानसा आणि वैतरणेचे पाणी ठाणे जिल्ह्यातून मोठमोठ्या जलवाहिन्यांनी शहरात येते, आणि त्या वाहिन्यांच्या कडेकडेनेही वस्त्या होत्या. पाणी पायाखालून जायचे आणि तोंडाला लागायचे नाही. कारण एकच सांगितले जाई: वस्ती अनधिकृत आहे, अनधिकृत वस्तीला नळ दिला तर ती अधिकृत होईल.

ताईंनी हा युक्तिवादच मानला नाही. तहान अधिकृत-अनधिकृत नसते, एवढी साधी भूमिका. हंडे घेऊन मोर्चे निघाले, अधिकाऱ्यांना घेराव झाले, आणि त्याच जोडीला सभागृहात कागदपत्रे फडकवत भांडणही झाले.

नगरसेवकाने पाणी ‘आणले’ म्हणजे नेमके काय केले?

फार चांगला प्रश्न, आणि क्वचितच कुणी विचारते. रस्त्यावरचा मोर्चा सगळ्यांना दिसतो, पण पाइप टाकला जातो तो अंदाजपत्रकातल्या एका ओळीमुळे. ती ओळ घालून घ्यायची. स्थायी समितीत ती कापली जाऊ द्यायची नाही. मग जल अभियंत्याच्या कार्यालयात नकाशा पाहून मुख्य वाहिनी कुठून जाते, किती इंचांची जोडणी निघू शकते, दाब पुरेल का, हे विचारायचे. जागा कुणाच्या मालकीची आहे, मालक खणू देईल का, हे पाहायचे. नळ बसला तरी चावीवाला आपल्या भागाची झडप किती वाजता आणि किती वेळ उघडतो, यावर सगळे अवलंबून. मुंबईत पाणी चोवीस तास नसते, ते विभागाविभागाने सोडतात.

यातली प्रत्येक पायरी कंटाळवाणी आहे. ताईंचे मोठेपण मला इथे दिसते. मोर्चात त्या जितक्या तळमळीने होत्या, तितक्याच तळमळीने या कंटाळवाण्या पायऱ्याही चढल्या.

लाटणे मोर्चा हा काय प्रकार होता?

१९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रात ज्यांनी पाहिला ते अजून विसरलेले नाहीत. खेड्यांत खडी फोडायला माणसे, आणि मुंबईत रॉकेल, साखर, तेल, रेशनचे धान्य मिळेनासे झालेले. दुकानात माल नाही, काळ्या बाजारात पाहिजे तेवढा. त्या वर्षी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणालताई आणि प्रमिला दंडवते समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या. एरवी ज्यांचे पक्ष एकमेकांचे तोंड पाहत नसत, अशा बायका एका व्यासपीठावर आल्या, आणि कोणत्याही पक्षात नसलेल्या हजारो गृहिणी त्यांच्यामागे.

हातात लाटणे आणि थाळी. माझी आई आयुष्यात कधी सभेला गेली नव्हती. ती शेजारणीबरोबर गेली, आणि संध्याकाळी परतली तेव्हा थाळीला मध्यभागी खळगा पडला होता, इतकी ती बडवली होती. त्या रात्री पोळ्या लाटताना तिने वडिलांना रॉकेलचा सरकारी भाव आणि काळ्या बाजारातला भाव घडाघडा सांगितला. तोवर आमच्या घरी भावाच्या गप्पा वडीलच मारत.

लाटणे का? कारण ते प्रत्येक घरात होते, विकत आणावे लागत नव्हते, आणि पोलिसाला ते शस्त्र म्हणून जप्त करणे अवघड होते.

१९७२ मध्ये विधानसभेत काँग्रेसचे प्रचंड बहुमत होते. एकटी-दुकटी विरोधी आमदार काय करू शकत होती?

२७० पैकी २२२ जागा काँग्रेसच्या. मतदान झाले की ठराव पडणारच, हे ठरलेले. पण विधानसभेत मतदानाखेरीजही हत्यारे असतात: तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, स्थगन प्रस्ताव. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागते, आणि त्या उत्तरासाठी मंत्रालयापासून तहसीलदारापर्यंत फायली हलतात. एखाद्या गावची रोजगार हमीची मजुरी थकली असेल तर प्रश्न लागल्याच्या बातमीनेच ती वाटली जायची, असे जुने कार्यकर्ते सांगतात. रोजगार हमी योजना याच दुष्काळात उभी राहिली. तिचा कायदा १९७७ चा.

आणीबाणीत काय झाले?

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. ताई भूमिगत झाल्या, काही महिन्यांनी पकडल्या गेल्या. अकोल्याच्या तुरुंगात त्यांना एकटीला ठेवले. एका बाजूच्या कोठडीत कुष्ठरोगी स्त्री, दुसऱ्या बाजूला मनोरुग्ण स्त्री. राजकीय कैद्याला अशा ठिकाणी ठेवण्यामागचा हेतू उघड आहे. मला मात्र दरवेळी त्या दोघी आठवतात. त्यांच्यासाठी ती कोठडी आणीबाणीपुरती नव्हती.

‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा खरोखर होती का?

होती. १९७७ ची निवडणूक. ताई उत्तर मुंबईतून जनता पक्षातर्फे लोकसभेवर गेल्या, आणि तिकडे रायबरेलीत इंदिरा गांधी हरल्या. ही घोषणा कुणी रचली हे विचारू नका. अशा घोषणा गल्लीत जन्मतात आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर असतात.

मंत्रिपद का नाकारले?

मोरारजी देसाईंनी आरोग्य खाते देऊ केले होते. ताईंनी नको म्हटले. त्यांना संघटनेचे आणि लोकांमधले काम करायचे होते. माझे प्रामाणिक मत विचाराल तर हा निर्णय चुकला असे मला वाटते. ज्या बाईने डॉक्टरकीचे शिक्षण घेतले होते, वस्तीतले आजारपण जवळून पाहिले होते, तिच्या हाती देशाचे आरोग्य खाते दोन-अडीच वर्षे जरी राहिले असते तरी काही पक्के घडले असते. पण सत्तेपासून अंतर राखणे हेच चारित्र्य मानणारी ती समाजवाद्यांची पिढी होती. त्या पिढीकडून आपल्याला बरेच मिळाले, आणि त्यांच्या या सवयीमुळे बरेच हातचे गेलेही.

खासदारकीनंतर पुन्हा आमदार, ही उतरती भाजणी नाही का?

पदांची शिडी डोळ्यांपुढे ठेवली तर तशी दिसेल. पण पाणी, घर, रेशन, पोलीस, रुग्णालय हे सगळे विषय राज्याच्या अखत्यारीतले. जिचे काम या विषयांत आहे तिची जागा मुंबईच्या विधानभवनात. १९८५ ते १९९० ही त्यांची आमदारकी मला सर्वांत फलदायी वाटते, आणि त्याचे कारण पुढचा प्रश्न.

गर्भलिंग चाचणीविरोधी कायद्याशी त्यांचा काय संबंध?

थेट संबंध आहे, आणि तो पाठ्यपुस्तकांत यायला हवा.

ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्भजल तपासून मुलगा की मुलगी हे सांगण्याचा धंदा उघडपणे चालू होता. लोकलच्या डब्यांत जाहिराती चिकटवलेल्या असत. १९८६ मध्ये मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी झाली, त्यातले ४२ जण ही चाचणी लिंग कळावे म्हणून करत असल्याचे आढळले. दडवादडवी नव्हतीच, कारण कायद्याने ते गुन्हा नव्हते.

स्त्री संघटना, डॉक्टर, वैज्ञानिक, वकील यांनी मिळून मोहीम उभी केली. विधानसभेत ताईंनी अशासकीय विधेयक मांडले. अशासकीय विधेयक म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेले. त्याला वेळ मिळतो तो शुक्रवारी, आणि मंजूर होण्याची शक्यता जवळजवळ शून्य. पण त्याने सरकारला तोंड उघडावे लागते: हे चूक आहे असे म्हणा, नाही तर तुम्ही स्वतः विधेयक आणा. अखेर सरकारने आणले. १९८८ मध्ये महाराष्ट्र हा गर्भलिंग चाचणीवर बंदी घालणारा देशातले पहिले राज्य ठरले. त्याच्याच वाटेवर केंद्राचा कायदा झाला १९९४ मध्ये, तो लागू झाला १९९६ मध्ये, आणि सोनोग्राफीला नीट कवेत घेणारी दुरुस्ती आली २००३ मध्ये.

मग मुलींचे प्रमाण का घटत राहिले?

हे लपवण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. कायद्यात परवानाधारक खासगी केंद्रांची वाट मोकळी राहिली होती, आणि सोनोग्राफीचे यंत्र स्वस्त व लहान होत तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले. परवाना देणारा, तपासणी करणारा आणि तपासला जाणारा हे तिघे एकाच व्यवसायातले, एकमेकांच्या घरी लग्नकार्याला जाणारे. चळवळीतल्या लोकांना हे धोके दिसत होते. कायदा नसता तर आकडे आणखी कुठे गेले असते, याचा विचार मी करू शकत नाही.

नागरी निवारा परिषद म्हणजे काय?

गोरेगाव पूर्वेला दिंडोशीत जा. तिथे रिक्षावाल्याला ‘नागरी निवारा’ म्हटले की पुरे, बसच्या पाटीवरही तेच नाव आहे.

१९७६ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने मुंबईत एका व्यक्तीकडे ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन राहू नये असे ठरले. जादा जमिनीवर गरिबांची घरे व्हावीत हा उद्देश. प्रत्यक्षात सवलतींच्या कलमांतून जमिनी निसटत राहिल्या. ताई, बाबूराव सामंत, प. बा. सामंत या मंडळींनी नागरी निवारा परिषदेतर्फे कायदा जसा लिहिला आहे तसा पाळा, एवढीच मागणी लावून धरली. वर्षानुवर्षे मंत्रालयाचे आणि कोर्टाचे उंबरठे झिजवले. शेवटी साठ एकरांहून अधिक जमिनीवर सहा हजारांहून अधिक घरे उभी राहिली. कारकून, शिक्षक, परिचारिका, गिरणी कामगार अशा माणसांची. अर्ज भरताना ज्यांना शेजारी हसले, तेच आज तिथे नातवंडे खेळवत बसलेले दिसतात.

कमाल जमीन धारणा कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला. तशी दुसरी वसाहत मुंबईत झाली नाही.

त्यांना ‘ताई’ म्हणायचे की ‘बाई’?

कार्यकर्ते ताई म्हणत, वस्ती बाई म्हणे. ‘बाई’त अनादर नव्हता. शाळेतल्या बाईंना म्हणतो ना, तसे.

मग कमी कुठे पडल्या?

त्यांचा पक्ष टिकला नाही. प्रजा समाजवादी, संयुक्त समाजवादी, समाजवादी, जनता, जनता दल. पाट्या बदलत गेल्या, फुटी पडत गेल्या, आणि तळाचा कार्यकर्ता दरवेळी गोंधळला. याच वस्त्यांत साठच्या दशकाच्या अखेरीपासून शिवसेनेच्या शाखा उभ्या राहत होत्या. रात्री अकराला मयताची गाडी हवी असली तर शाखेत माणूस भेटायचा. ताईंकडेही भेटायचा, पण एका ताईंकडे. त्यांच्यासारख्या पन्नास जणी घडवणारी यंत्रणा त्या पक्षाला उभारता आली नाही.

मला राजकारणात जायचे आहे. आधी समाजकार्य करावे का?

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलींसाठी माझ्याकडे एकच काम असते. आपल्या प्रभागातल्या एका नळाचा, एका शौचालयाचा किंवा एका रेशन दुकानाचा पाठपुरावा वर्षभर करा. अर्ज द्या, पोच घ्या, तारीख लिहा, माहितीचा अधिकार वापरा, प्रभाग समितीच्या बैठकीला जाऊन मागे बसा. वर्ष संपल्यावरही उत्साह असेल तर निवडणुकीचा विचार करा. आज महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. ताईंना १९६१ मध्ये ती सोय नव्हती.

आज गोरेगावात त्यांचे काय पाहता येईल?

एका उड्डाणपुलाला त्यांचे नाव आहे. केशव गोरे स्मारक ट्रस्टमध्ये त्यांच्या नावाचे दालन आहे. १९८३ मध्ये अडचणीतल्या स्त्रियांसाठी सुरू केलेले ‘स्वाधार’ आहे. तिथे सल्ला घ्यायला आलेल्या बायकांना कुणी आधी पत्ता विचारत नाही, आधी बसवतात.

आणि पाणी? झोपडपट्ट्यांना मिळाले का?

बरेच मिळाले, सगळे नाही. १९७६ च्या झोपडपट्टी गणनेनंतर नोंद झालेल्या वस्त्यांना नळ मिळत गेले, पण नोंदीनंतर आलेल्यांना पुन्हा तेच ‘अनधिकृत’ हे उत्तर. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की झोपडी बेकायदा असली तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. २०२२ मध्ये महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आणले. ताई तेव्हा नव्हत्या. धोरणाची बातमी आली त्या आठवड्यात मी आईचा तो पोचा पडलेला हंडा माळ्यावरून खाली काढला. चिंचेने घासला तर आतून अजून लख्ख आहे.